अकरा बुडं

कालिंदी आंघोळ करून ओसरीवर आली आणि पाहते तो काय, अकराच्या अकरा बुडं लालचुटूक घासून उन्हात वाळत ठेवलेली!

बुडं म्हणजे मडक्यांची, कागलजवळच्या एका टेकाडात सापडलेली, तीन हजार वर्षांपूर्वीची. त्यांना आतून करपलेल्या अन्नाची काळी खरवड चिकटलेली होती. त्या टेकाडावरची माणसं काय रांधून खात होती, हे सांगणारी तेवढीच एक गोष्ट उरली होती. टेकाड केव्हाच वीटभट्टीच्या घशात गेलं होतं. आज दुपारी पुण्याहून तिचे मार्गदर्शक सर येऊन ती खरवड तपासायला नेणार होते, आणि कालिंदीचा चार वर्षांचा प्रबंध त्या खरवडीवरच उभा होता.

"मावशी, हे कुणी केलं?"

"मीच की!" खापरं धुण्याच्या कामावरच्या बायडाबाई पदराला हात पुसत पुढं आल्या. "पावणं येणार, आन् अशी करपल्याली भांडी त्यांच्या म्होरं मांडायची व्हय? राख लावली, काथ्यानं घासली. लई चिवट हुतं बघा."

एरवी प्रत्येक खापर धुऊन घेणाऱ्या कालिंदीनं ही अकरा वेगळी का ठेवली, ते फक्त वहीत लिहिलं होतं. तोंडानं सांगायचं राहून गेलं. शिकलेल्या माणसाला एकदा कागदावर उतरवलं की जगाला कळलं असं वाटतं!

ती मोरीकडं धावली. गुडघे टेकून तिनं नाली चाचपली. हाताला चुलीची राख, काथ्याचे धागे आणि कालच्या आमटीचा गाळ लागला. त्यातलं जुनं कोणतं, हे देवालाही सांगता आलं नसतं. ती तिथंच हमसाहमशी रडू लागली.

तिनं रडत रडत सांगितलेलं सगळं ऐकून बायडाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग हळूच म्हणाल्या, "काय खात हुती त्येच पायजे न्हवं? एकात दूध लागल्यालं, पापुद्रं सुटलं. दोनात आंबिलीवानी कायतरी. एकात चरबी, हातच सोडंना. चाळीस वरसं भांडीच घासली म्या. बोटास्नी कळतंय."

कालिंदीनं ओल्या हातानंच वही ओढली. "दूध कोणत्यात? दाखवा मावशी, लवकर!"

बायडाबाईंनी एकेक बूड उचललं, आतून बोट फिरवलं, नाकाशी धरलं. बाहेर मोटार थांबल्याचा आवाज आला.

"आता काय वळखायचं, ताई," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "समदी सारखीच झाल्यात."