दुभाष्याच्या तोंडून

वयाच्या पंचेचाळिशीत ती आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायद्याच्या पदव्युत्तर वर्गात जाऊन बसली, म्हणून वर्गातली पोरं तिला मावशी म्हणायची. त्याआधीची सगळी वर्षं तिनं शाळेत गणित शिकवलं होतं. नवरा म्हणाला होता, "आता शिकून काय दिवे लावणार आहेस?" सासू तर त्याच्याही पुढची. "या घरात माझे हक्क कोण बघतं, ते सांग आधी," असं म्हणाली, आणि तेही स्वतःच्या भाषेत. सासू डोंगराकडची. डोंगर सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. पण शहरात ती भाषा कळणारं माणूस विरळाच. मावशी ती लग्नानंतर शिकली, कारण भांडणात उत्तर द्यायचं तर आधी शिव्या समजायला हव्यात! पुढे भांडणं विरली, भाषा राहिली.

दुसऱ्या सहामाहीत कार्यानुभव होता. आसरा मागायला आलेल्या लोकांचे खटले लढवणाऱ्या एका छोट्या केंद्रात तिला पाठवलं. तिथल्या वकीलबाई कामानं पिचलेल्या, पण मनानं सरळ. त्यांनी आल्या आल्या बजावलं, "सुनावणीत तू निरीक्षक. निरीक्षक म्हणजे खुर्ची. खुर्ची बोलत नाही."

"आणि बोलली तर?"

"तर तू बाहेर, आणि माझ्या केंद्राला पुन्हा विद्यार्थी मिळायचे नाहीत."

मावशीनं मान डोलावली. शाळेत ती स्वतःच पोरांना हाताची घडी, तोंडावर बोट सांगत आली होती.

तिनं पाहिलेल्या पहिल्याच सुनावणीचं प्रकरण केंद्राकडे आदल्या दिवशीच आलं होतं. सरहद्द ओलांडून आलेली एक विधवा. तिला परत पाठवायचं की राहू द्यायचं, ते ठरायचं होतं. खोलीला खिडकी नव्हती. टेबलापलीकडे सुनावणी अधिकारी. दुभाष्या खोलीत नव्हताच. टेबलावरच्या फोनमधून त्याचा नुसता आवाज यायचा, आणि त्यामागे कुठेतरी टीव्ही चालू होता.

अधिकाऱ्यानं विचारलं, "गाव का सोडलं?"

बाई बोलू लागली आणि मावशीच्या अंगावर काटा आला. ही तर सासूची भाषा! बाई खाली बघत सांगत होती, नवरा गेल्यावर दिरानं मला गोठ्यात कोंडलं, जमिनीच्या कागदावर अंगठा देईना म्हणून हात मोडला. तिनं बाही वर केली. कोपर वेडंवाकडं जुळलं होतं.

फोनमधला आवाज म्हणाला, "घरात भांडणं होती, म्हणते."

मावशीला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काही चुकलं.

"पोलिसांकडे गेलात?"

"गेले ना," बाई म्हणाली. "रात्री पळून गेले. त्यांनीच मला धरून परत दिराच्या ताब्यात दिलं."

"पोलिसांनी तिला सुखरूप घरी पोचवलं," फोन म्हणाला.

अधिकाऱ्यानं समाधानानं लिहून घेतलं. मावशीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बाईनं आयुष्यातली सगळी हिंमत गोळा करून जे सांगितलं, ते हा माणूस टीव्ही बघता बघता गिळून टाकत होता! तिनं वकीलबाईंना चिठ्ठी सरकवली. वकीलबाई लगेच उठल्या. "भाषांतर चुकीचं होतंय. माझी हरकत आहे."

"तुम्हाला ही भाषा येते?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"मला नाही, पण—"

"मग बसा."

वकीलबाई बसल्या आणि मावशी उभी राहिली.

"मला येते," ती म्हणाली. दंगा करणारा वर्ग चिडीचूप करणारा तो आवाज होता. "पोलिसांनी घरी नाही पोचवलं. मारणाऱ्याच्या हातात दिलं. तिचा हात कुणी मोडला, तेही या माणसानं खाऊन टाकलंय."

"तुम्ही कोण?"

"विद्यार्थिनी."

"बाहेर व्हा!"

"होते. पण आधी तिला पुन्हा विचारा."

दारातल्या शिपायानं तिचा दंड धरला. बाईला काहीच कळत नव्हतं. ती घाबरून एकेकाचं तोंड बघत होती. जाता जाता मावशी तिच्या भाषेत म्हणाली, "तुझं बोलणं मला कळलं गं." बाईचा चेहरा एकदम मोकळा झाला, आणि दार बंद झालं.

आत वकीलबाईंनी मग अधिकाऱ्याला सोडलं नाही. सुनावणीचं ध्वनिमुद्रण तपासल्याशिवाय जबाबावर सही करणार नाही, म्हणून अडून बसल्या. ते दुसऱ्या जाणकाराकडून तपासलं गेलं. पुन्हा सुनावणी झाली, या वेळी दुसरा दुभाष्या, तोही समोर बसलेला. बाईला राहायची परवानगी मिळाली.

मावशीला मात्र विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं.

"तुमच्याविरुद्ध तक्रार आलीय. तुमचा हेतू चांगला होता हो. पण नियम म्हणजे नियम. चूक झाली एवढं लिहून द्या, म्हणजे कार्यानुभवात पास करता येईल."

"सर, निःपक्ष सुनावणीचा हक्क तुम्हीच शिकवलात ना आम्हाला?"

"तो परीक्षेपुरता—" म्हणता म्हणता त्यांनी जीभ चावली.

"मग मला नापास करा," मावशी म्हणाली. "पण चूक झाली असं मी लिहिणार नाही. चूक त्या फोनमध्ये होती."

त्यांनी खरंच नापास केलं. कार्यानुभव पुन्हा करायचा, पदवी तोवर अडकलेली. घरी सासूनं विभागप्रमुखांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मावशी पुन्हा त्याच केंद्रात गेली. सुनावणीच्या खोलीत तिला आता मज्जाव होता, म्हणून वकीलबाईंनी केंद्राच्या जुन्या खटल्यांची ध्वनिमुद्रणं मागवून तिच्यापुढे ठेवली. फोनवरचा तो दुभाष्या अजून कामावर होता, दुसऱ्या खोल्यांत, दुसऱ्या लोकांसाठी. कुणी मागितल्याशिवाय ध्वनिमुद्रण ऐकायची पद्धतच नव्हती, आणि ज्याला इथली भाषा येत नाही तो मागणार कसा? मावशी कानाला हेडफोन लावून ऐकत बसायची, मध्येच संतापून टेबलावर हात आपटायची आणि पुन्हा ऐकायची.

डोंगराकडच्या आणखी तिघांचे जबाब त्यानं असेच कापलेले सापडले. केंद्रानं अर्ज केले. दोघांच्या सुनावण्या पुन्हा लागल्या. तिसऱ्याला तोवर परत पाठवून दिलं होतं.