माझं घट्ट बटण

मी एक जुना, पत्र्याचा डबा आहे. पण मित्रांनो, मला भंगार म्हणाल तर याद राखा!

कारखान्यात जिने मला जोडलं, तिला मुकादम म्हणाला, "बटण फार घट्ट बसलंय."

"असू द्या. धक्का लागून फिरायचं नाही," ती म्हणाली.

तेव्हापासून मी असाच आहे. पुढे मी एका दवाखान्यात आलो. पक्षाघाताने ज्यांचे हातपाय लुळे पडत, त्यांना तिथल्या डॉक्टरताई बारीक सुया टोचत. सुयांना माझ्या तारा जोडत. मग मी हलकी वीज सोडायचो आणि निजलेले स्नायू थरथरायचे. मेंदूला हाताची पुन्हा ओळख पटावी, म्हणून ही खटपट. सोबत रोजचा व्यायाम असेच, त्यामुळे सगळं श्रेय मी लाटणार नाही.

ताईंचा एक नियम होता. उपचार संपला की मला बंद करायचं ते रोग्यानेच, आणि तेही लुळ्या हाताने.

एकदा एक शिवणकाम करणाऱ्या काकू आल्या. त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. मुलगा हळूच म्हणाला, "आई, शिलाई मशीन विकून टाकू या. नुसतं बघून तुला त्रास होतो."

"या डब्याचं बटण फिरवेन, तोवर थांब," काकू म्हणाल्या.

दोन महिने बटण तसूभर हललं नाही; शेवटी ताईच मला बंद करत. काकू मला रोज शिव्या घालत. मला काकू आवडत. कीव करणाऱ्यांपेक्षा भांडणारे बरे.

मग नवं, गुळगुळीत यंत्र आलं. बोट टेकवलं की बंद! मदतनीस म्हणाला, "जुन्याचं बटण जाम आहे. भंगारात टाकू?"

मी रागाने नुसता धुमसत होतो. तेवढ्यात काकू कडाडल्या, "खबरदार! माझं त्याच्याशी भांडण मिटलेलं नाही."

ताईंनी मलाच जोडलं. उपचार संपला. काकूंनी चिमटीत बटण धरलं. बोटं घसरली. पुन्हा धरलं. कपाळावर घाम आला, ओठ वाकडे झाले, आणि खट्! माझा दिवा विझला.

विझताना इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. मुलाने आईचा तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

आज मी टेबलावरच आहे. मित्रांनो, डबा असो की माणूस, कामातून गेला असं घाईने म्हणू नका. म्हणायचंच असेल, तर आधी माझं बटण फिरवून दाखवा.