वरचा एक युरो

ओलेनाला केळी आवडतात हे कळल्यापासून वृंदाने घरात केळं आणणंच बंद केलं होतं.

"अगं, सातवा लागला तिला. ओटी भरायला हवी," सासूबाई म्हणाल्या. विजयालक्ष्मीबाई फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी लेकाकडे, डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउनला आल्या आणि लॉकडाऊनमुळे इथेच अडकल्या.

"कुणाची ओटी?"

"ओलेनाची."

"आई, बाळ माझं आहे!"

"आहेच की. पण पोट तिचं ना?"

झालं. वृंदाच्या तळपायाची आग मस्तकात. गर्भपिशवी काढलेली, म्हणून तिचं आणि गुरुनाथचं बाळ कीवमधली ही ओलेना पोटात वाढवत होती. रविवारी व्हिडिओ कॉल असायचा. लग्नाच्या वाढदिवसाला बर्म्युडात बसणारा गुरुनाथ त्या दिवशी शर्टाला इस्त्री करायचा. "झोप लागते ना तिला?" म्हणून काळजी. बायको रात्रभर टक्क जागी, तिला विचारलंय कधी?

बरं, सगळ्या खर्चाचा हिशोब ठेवायची वृंदाच. करार झाला की एक हप्ता, बाळाचे ठोके ऐकू आले की दुसरा, मग ठरल्या महिन्याला पुढचा. ओलेनाची दरमहा खर्ची वेगळी, एजन्सीची फी वेगळी, दवाखाना वेगळा, पुढे डीएनए टेस्ट आहेच. डब्लिनचा वकील तर नगच निघाला. तासावर पैसे घेतले आणि सांगितलं काय? इथल्या कायद्याने जन्म देणारीच आई. नवरा कोर्टात जाऊन बाप ठरेल. तुम्ही दोन वर्षं बाळ सांभाळा, मग पालक म्हणून अर्ज करा.

"म्हणजे एवढे पैसे मोजून मी कोण? मावशी?"

"अगं, इट्स ग्रँड, होईल सगळं," गुरुनाथ म्हणाला, आणि दिवसभर उपाशी राहिला.

सातव्या महिन्याचा हप्ता सहा हजार युरो. गुरुनाथ फोनवर आकडा टाकत होता तेवढ्यात मातोश्री कडाडल्या, "शुभकार्याला शून्यावर संपणारी रक्कम देतात का रे? वर एक ठेव!"

आज्ञाधारक बाळाने सहा हजार एक पाठवले.

एजन्सीने सगळाच हप्ता अडकवला. करारात नसलेला पैसा सरोगेटला द्यायला बंदी. हा एक युरो कशाचा ते सांगा, तोवर ओलेनाची खर्चीही थांबली.

रविवारी कॉलवर दुभाषी बाईंनी तेच विचारलं. वृंदाचं उत्तर तयार होतं: टायपिंगची चूक. वरचा एक म्हणजे देणंघेणं संपलेलं नाही, नातं पुढे चालू. तिला नेमकं तेच नको होतं. बाळ घ्यायचं, गोल आकडा टाकायचा, आतून कडी लावायची.

पण गुरुनाथने आधीच तोंड उघडलं. "आमच्यात नातं तुटू नये म्हणून वर एक ठेवतात."

दुभाषी बाईंनी ते सांगताच ओलेनाचा चेहरा उतरला. ती भराभरा बोलू लागली.

"ती म्हणते, नातं नको. तिची स्वतःची दोन आहेत, तिसरं कुठे ठेवू? विमानं बंद आहेत, आईबाप पोचले नाहीत म्हणून इथे बाळं नर्सकडे पडून आहेत. ती विचारते, या बाळाची आई येणार ना?"

"येणार," गुरुनाथ म्हणाला.

"तुम्ही नाही, म्हणते. आईने सांगायचं."

वृंदाला वाटलं, वकिलाला आत्ता या कॉलवर घ्यावं, ऐक म्हणावं आई कोण ते.

"येणार म्हणजे काय! चालत येईन," ती म्हणाली. "आणि तो एक युरो परत करा. तिची खर्ची आजच सोडा."

ओलेनाने सुस्कारा सोडला, फोन पोटाशी नेला. दुभाषी बाई म्हणाल्या, "आईने बोलावं म्हणते. आवाज ओळखू दे."

महिनोन्महिने तोंडाचा पट्टा चालवणारी वृंदा स्क्रीनला नाक लावून बसली.

"ए... ए गुलामा," ती कशीबशी म्हणाली. "केवढ्याला पडलायस माहितीय का? राजवाडा आला असता!"

स्वेटरखाली पोट उजवीकडून हललं. गुरुनाथ पुढे वाकला, "अरे बाळा, मी बा..."

वृंदाने त्याला कोपराने ढकललं. "मागे हो. माझ्याशी बोलतंय ते."