सून काही करत नाही

माझं काम कानांचं आणि पायांचं. डॉक्टर रिपोर्ट बोलून ठेवतात, मी ते हेडफोनवर ऐकून टाइप करते. टेबलाखाली उजव्या पायाशी पेडल असतं. दाबलं की डॉक्टर बोलतात, सोडलं की गप्प बसतात. डाव्या पायात पाळण्याची दोरी. सुरुवातीला पायांची गल्लत व्हायची. बाळ कुरकुरलं की मी घाईघाईने डॉक्टरांनाच चालू करायचे.

गेल्या महिन्यात एका मोठ्या हॉस्पिटलने काम देऊ केलं. अट एवढीच, की टायपिंगचा त्यांचा प्रोग्रॅम एक तारखेच्या आत मी माझ्या नावावर घ्यायचा. तो फक्त क्रेडिट कार्डावर मिळत होता, आणि कार्डही त्याच नावाचं हवं होतं. म्हणजे नवऱ्याचं चालणार नव्हतं. माझं तर नव्हतंच.

रविवारी आम्ही लॅपटॉप मधे ठेवून कार्डं बघायला बसलो.

"हे बघ, यावर विमानतळावर फुकट बसायला मिळतं," नवरा म्हणाला.

"आपण विमानतळावर कधी गेलो?"

"मामांना सोडायला गेलो होतो की."

"तेव्हा उभेच होतो. काही बिघडलं नाही आपलं."

सासूबाई पलीकडे बाळाला झबलं घालत होत्या. "फुकट देतात म्हणजे मेले दुसरीकडून काढणार," त्यांनी बाळाला समजावलं. बाळाला ते पटलेलं दिसलं.

शेवटी वर्षाची फी नसलेलं एक साधंसुधं कार्ड ठरलं. अर्ज भरायला मात्र चार दिवस लागले. मी पत्त्यापर्यंत पोचले की बाळ उठायचं, आणि परत येईपर्यंत पान बंद झालेलं असायचं. पाचव्या दिवशी जमलं. व्यवसायाच्या रकान्यात 'स्वतंत्र व्यवसाय' लिहिताना, का कोण जाणे, मी जरा ताठ बसले.

आठवड्याने मेसेज आला. अर्ज नामंजूर.

मी बँकेला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "तुमच्या नंबरवर चौकशीसाठी फोन केला होता, मॅडम. घरच्यांनी सांगितलं, तुम्ही काम करत नाही म्हणून."

दुपारी मी बाळाजवळ पडते तेव्हा माझा फोन स्वयंपाकघरात असतो. स्वयंपाकघरात सासूबाई असतात. मी तशीच आत गेले. त्या दुधाची बाटली ब्रशने घासत होत्या.

"आई, बँकेचा फोन आला होता?"

"आला होता की. तुझा नुकता डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही."

"काय विचारलं त्यांनी?"

"सून कुठे कामाला जाते. म्हटलं, घरीच असते, काही करत नाही."

"आई! अहो, मी सकाळी सहापासून..."

"मला काय ते माहीत नाही? मीच चहा आणून देते ना?" त्यांनी नळ बंद केला. "मी सगळ्यांनाच तसं सांगते. काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग बाळाकडे कोण बघतं? आणि मग तोंडं वाकडी करतात. तुला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत."

मी भांडायच्या तयारीने आले होते. ते राहूनच गेलं. सहा महिने ही बाई माझ्यासाठी दारोदार खोटं बोलत होती, आणि मला पत्ता नव्हता.

"ते काम जाणार का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"परत चौकशी करा म्हणून विनंती करता येते. पण या वेळी माणूस घरी येईल. आणि महिना संपायला नऊ दिवस राहिलेत."

"येऊ दे घरी. मी बोलते."

याचीच मला धास्ती होती.

मी विनंती केली, आणि चौथ्या दिवशी हेल्मेट काखेत मारून बँकेच्या एक बाई आल्या. मी हेडफोन काढायच्या आत सासूबाईंनी त्यांना थेट माझ्या टेबलाशी आणलं.

"ही सून. सहापासून बसते. मधे थोडी पडते, परत बसते. ते खाली पेडल बघा, पायाने चालवते. डॉक्टरांचं अक्षरन् अक्षर हिच्या हातून जातं. लिहा."

बाई लिहीत होत्या. मग त्यांनी नेमकं तेच विचारलं. "आणि बाळाला कोण सांभाळतं?"

मी सासूबाईंकडे बघितलं.

"मी," सासूबाई म्हणाल्या. "आजी आहे मी, हक्काने सांभाळते. तेही लिहा."

"त्याला रकाना नाही, आजी."

"मग समासात लिहा."

बाई हसल्या. समासात त्यांनी खरंच काहीतरी लिहिलं. काय ते मला दिसलं नाही.

अठ्ठावीस तारखेला कार्ड आलं. त्याच दिवशी मी प्रोग्रॅम घेतला. एक तारखेला सकाळी हॉस्पिटलची पहिली फाइल आली, बावीस मिनिटांची, आणि बोलणाऱ्या डॉक्टरांचा आवाज सर्दीने पार बसलेला. बाळ नेमकं तेव्हाच जागं झालं.

सासूबाईंनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं आणि दार ओढून त्या बाहेर जिन्यात गेल्या. खालून कुणीतरी काहीतरी विचारलं. त्यांचं उत्तर मला ऐकू आलं नाही. तोवर मी हेडफोन चढवले होते.