दोन नंबरचं इंजिन

खोलीत दोन खुर्च्या होत्या. भिंतीवर कॉकपिटच्या चित्राचे अकरा छापील कागद, खुर्च्यांच्या मधे एक खोका, खोक्यात लिव्हर म्हणून उभ्या खोचलेल्या दोन पळ्या आणि माझ्या हातात एक स्टॉपवॉच. भूकंपानंतर मिळालेलं मामीचं घर दोन खोल्यांचं. त्यातली एक आठ दिवस विमान झाली होती.

तनुजा माझी मामेबहीण. हैदराबादच्या सिम्युलेटर परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. उड्डाण होताच दोन नंबरचं इंजिन बंद पडलं, आणि तिनं झटक्यात एक नंबरची लिव्हर मागे ओढली, म्हणजे चालू इंजिनाची. शेजारचा कॅप्टन बघून ‘बरोबर’ म्हणेपर्यंत थांबायचं असतं. ती थांबली नव्हती. आता एकच संधी उरली होती; पुन्हा चुकली की प्रशिक्षण संपलं.

ही घाई कुठली ते मला माहीत होतं. ती बारावीला लातूरला क्लासला असताना अर्धा प्रश्न वाचून पर्याय ठोकायला मीच तिला शिकवलं होतं. म्हणून नांदेडहून एम.एस्सी.चं प्रॅक्टिकल बुडवून आलो.

कॅप्टनच्या खुर्चीत साखरामामी. तिनं ‘बरोबर’ऐवजी फक्त आपलं ‘हाव’ म्हणायचं, असं मी सांगितलेलं.

“इंजिन गेलं!” मी ओरडायचो. तनुजाचा डावा हात पळीवर. एक पूर्णांक चार सेकंद. मामीचं ‘हाव’ त्याच्याही आधी. दोन दिवसांत साठ वेळा केलं. वेळ तसूभर हलली नाही.

तिसऱ्या दिवशी मामी गप्पच राहिली.

“आई, हाव म्हण की!”

“मला बघू तर दे. कोणतं गेलंय, कशावरून कळतं?”

तनुजानं कागदावरचे काटे एकेक करून दाखवले. मामीनं वाकून पाहिले.

“इतक्या वेळात विमान पडलं का?”

“न्हाई. एका इंजिनावर चढतं ते.”

“मग कशाला जीव टाकून राहिलीस? आन् तू रे, घड्याळवाल्या मास्तरा, तिला पळवून कुठं निघालास?”

मी स्टॉपवॉच खिशात घातलं. तनुजा हसली नाही. तिनं डावा हात मांडीवर ठेवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली: विमान सरळ, चारशे फूट उंची, काटे, मग मोठ्यानं ‘दोन नंबर?’ मामी मुद्दाम वेळ लावायची, कधी चहाचा घोट घ्यायची. तनुजाच्या कपाळावर घाम यायचा, हात मात्र मांडीवरच. अठराव्या वर्षी अंगात मुरलेली सवय ती तक्रार न करता, दिवसाला चाळीस वेळा, मोडत होती. त्या वर्षी सेकंद मोजून गुण मिळवणारी तनुजा मला हुशार वाटली होती. समोरची तनुजा तिच्याहून मोठी होती.

पुढच्या सोमवारी तिनं हैदराबादहून परीक्षेच्या नोंदीचा फोटो पाठवला. दोन नंबरचं इंजिन बंद; कॅप्टनचा होकार चोविसाव्या सेकंदाला, दोन नंबरची लिव्हर मागे सव्विसाव्या सेकंदाला. निकाल: उत्तीर्ण.