पिल्लांच्या खोक्यावरचा दिवा

सकाळचा उजेड आमच्या कोठीच्या खोलीत एकदम येत नाही. आधी खिडकीच्या गजांवरची धूळ किंचित पांढरी होते. मग समोरच्या भिंतीवर एक फिकट पट्टा उमटतो, दाण्याच्या पोत्यांवरून हळूहळू खाली उतरतो, कोपऱ्यातल्या झाडूवर उगाचच रेंगाळतो आणि पुष्कळ वेळाने लाकडी खोक्याच्या कडेशी येऊन थांबतो. तो कुणासाठी म्हणून आलेला नसतो. तरी सारी पिल्ले त्याच्याकडे माना वळवतात. मित्रांनो, मला त्याचा फार हेवा वाटे.

मी एक जुना उबेचा दिवा आहे. आतला तांबडा बल्ब कितीदा तरी बदलला, पण पत्र्याची टोपी पहिलीच आहे. ती घडवणाऱ्या कारागिराची हातोडी एकदा चुकली, त्याचा खड्डा अजून माझ्या कडेवर आहे. या घरच्या दोन जावांनी मला आणले आणि आढ्याच्या साखळीला टांगले. त्यांच्याकडे कोंबडीची व बदकाची अंडी यंत्रात उबवली जात. पिल्लांना आई नसे. ती जागा आपली आहे, असे मी मनाशी ठरवून टाकले.

कामाची रीत साधी होती. दर आठवड्याला साखळी दोन कड्यांनी वर घ्यायची. लव झडून पिसे फुटू लागली, की तिसऱ्या आठवड्यात, वारा नसलेल्या उबदार दुपारी, पिल्लांना अर्धा तास गवतावर न्यायचे. मग वेळ वाढवत जायचे. अंगभर पिसे आली, की माझे काम संपले. धाकटी म्हणे, "या दिव्यासारखा गुणी कोणी नाही." ते ऐकून मी सुखावे, आणि तरी प्रत्येक कडीबरोबर पिल्लांचा किलबिलाट माझ्यापासून थोडा दूर जाई.

मागच्या वर्षी थोरलीने आठ दिवसांचे बदकाचे पिल्लू हौसेने पाण्याच्या परातीत सोडले. बदकच ते, पोहणारच, असे तिला वाटले. पण आईच्या पिसांतले तेल त्याच्या अंगाला लागलेले नव्हते. ते भिजून गारठले आणि माझ्याखालीच त्याने प्राण सोडला. थोरलीने ते फार मनाला लावून घेतले. या वर्षी तिने पिल्लांना बाहेर नेले नाही, की साखळीला हात लावला नाही.

मी आनंदलो, हे कबूल करतो. पाचवा आठवडा लागला तरी पिल्ले माझ्याजवळच होती. ती खोक्याच्या भिंतीला चिकटून बसत, चोची उघड्या ठेवून. मोठी झाली, आता लाजतात, असे मी समजलो.

एका सकाळी धाकटी दाणे घेऊन आली. बदकाचे एक पिल्लू मान टाकून पडले होते.

"जाऊबाई, लवकर या! पिल्लं वाढवताय की भाजताय?"

थोरली धावत आली. "अगं, गारठलं असेल. दिवा आणखी खाली घे."

"हात घालून बघा आत! भट्टी झालीय नुसती. पिसं आलीत हो त्यांना आता, बाहेर न्यायला हवं."

"मागच्या वर्षीचं विसरलीस तू."

"नाही विसरले. पण तेव्हा ते आठ दिवसांचं होतं नि पाण्यात होतं. आज ऊन आहे, वारा नाही, आणि आपण काही त्याला परातीत बुडवत नाही."

थोरलीने पिल्लू पदरात उचलले, झाडाच्या सावलीतल्या कोरड्या गवतावर ठेवले आणि बोटाने त्याच्या चोचीला पाणी लावत राहिली. उघड्या दारातून मला सारे दिसत होते. ते उठू नये, असे मला क्षणभर वाटले. ही लाज मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

बऱ्याच वेळाने ते उठले आणि डुगडुगत गवतात शिरले.

"हा बघा, निघाला तुमचा लाडोबा!" धाकटी म्हणाली. थोरली डोळे पुसत हसली. मग त्यांनी बाकीची पिल्लेही बाहेर नेली आणि जाता जाता माझे बटण बंद केले. मी निवत गेलो, तसा माझा पत्रा टिकटिक वाजत होता. ऐकायला खोलीत कोणी नव्हते.

मित्रांनो, पिल्ले सांभाळाल तेव्हा ती कुठे बसतात ते रोज पाहा. दिव्याखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते आहे. दूर पळत असतील तर दिवा वर घ्या, आणि पिसे आली की चांगला दिवस पाहून दार उघडा.

ती लाजत नव्हती. त्यांना माझा त्रास होत होता.