नऊ नंबरच्या आजींचे श्वास

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात मी सोळा वर्षं काढली. तळघरातली लांबट खोली, भिंतीला चिकटलेले चार हौद, छताला लटकणारी वाफ. सकाळी सातला शिरले की दुपारी तीनला बाहेर पडेपर्यंत अंगावरचं कोरडं काही उरायचं नाही. सगळ्या वॉर्डांच्या चादरी आमच्याकडे यायच्या. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात काळ्या शाईने वॉर्डचं अक्षर आणि आकडा उमटवलेला असायचा. ती अक्षरं मला वाचता येत नव्हती, पण चेहरे ओळखावेत तशी मी ती ओळखायची. मोजण्यात मात्र माझा हात धरणारं कोणी नव्हतं. शंभराचा गठ्ठा, त्यात एक चादर कमी असली तर बांधतानाच माझ्या हाताला कळायचं.

चादरींवरून रोगही कळायचे. कावीळ झालेल्याची चादर वेगळी, भाजलेल्याची वेगळी, घामाने भिजून वाळलेली वेगळी. कोणत्या खाटेवर काय चाललंय याचा अंदाज आम्ही खाली तळघरात बांधत असू, आणि तो बऱ्याचदा खरा निघायचा.

मग माझे हात गेले. सोड्याने बोटांच्या बेचक्या फाटल्या. रात्री तेल लावून फडकं गुंडाळायचं आणि सकाळी पुन्हा हौद. चामडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "काम बदला. नाहीतर वर्ष-दोन वर्षांत ही बोटं मिटायची नाहीत." काम बदला म्हणे! अक्षरशत्रू बाईला कोण दुसरं काम देणार?

वाट काढली आमच्या वन्संनी. माझ्या नवऱ्याच्या त्या थोरल्या बहीण. लग्न केलं नव्हतं, आमच्याच घरी राहायच्या आणि त्याच रुग्णालयात बायकांच्या वॉर्डात सिस्टर होत्या. तोंडाने तिखट. त्या वर्षी रुग्णालयाने आतल्याच नोकरांसाठी मदतनिसाचा वर्ग काढला होता. पास झालं की वॉर्डात काम. अट एकच, लिहिता-वाचता यायला हवं. वन्सं संध्याकाळी घरी आल्या, पाटी माझ्यापुढे आपटली आणि म्हणाल्या, "वहिनी, तुला गिरवायला लावणार आहे मी. रडायचं असेल तर आत्ता रडून घे."

मी एकोणचाळीस वर्षांची. शेजारी माझी पोरं त्यांची पुस्तकं घेऊन बसलेली, आणि मी 'क' काढतेय. धाकटा म्हणायचा, "आई, तुझ्या 'क'ला पोट सुटलंय." वर्षभरात मी वर्तमानपत्राचे मथळे लावायला लागले आणि वर्गात जाऊन बसले.

तो वर्ग अजून डोळ्यांपुढे येतो. जुन्या कोठीची खोली, एकच खिडकी, कोपऱ्यात तारेने लटकवलेला हाडांचा सांगाडा. आम्ही त्याला सासरेबुवा म्हणायचो. दिवसभर दात काढून बघत असायचे, पण कुरकूर नाही. शिकवणाऱ्या बाई ठेंगण्या होत्या, खडूने हात कायम पांढरे. त्या म्हणाल्या, "मूठ मिटा. एवढं तुमचं काळीज." वर्गातल्या अकरा जणींनी मुठी मिटल्या आणि उलटसुलट करून पाहिल्या. इतके दिवस ज्याच्या नावाने रडलो, हसलो, ते एवढंसं!

उजव्या फुप्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोन, कारण डावीकडे काळजाला जागा द्यावी लागते. "म्हणजे थोरल्याला तीन खोल्या आणि धाकट्याला दोन, कारण धाकट्याकडे पाहुणा उतरलाय," असं मी म्हटल्यावर बाई हसल्या आणि म्हणाल्या, "परीक्षेत असं लिहू नका, पण विसरूही नका."

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. कारण सांगायला आजही लाज वाटते. तोंडी परीक्षेत विचारलं, यकृत कुठल्या बाजूला? भिंतीवरच्या तक्त्यात मी ते रोज डाव्या हाताला बघत होते. ठणकावून सांगितलं, "डाव्या." तक्त्यातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, हे डोक्यात शिरलंच नव्हतं. तिथून पुढे सगळं उलटंपालटं झालं. वन्सं महिनाभर जेवताना विचारायच्या, "वहिनीचं यकृत आलं का जाग्यावर?"

दोनदाच बसू द्यायचे. दुसऱ्यांदा नापास म्हणजे पुन्हा हौद, कायमचा. दुसऱ्या खेपेला लेखी आणि तोंडी मी पार केली. राहिली प्रत्यक्षाची परीक्षा: वॉर्डातल्या एका रुग्णाचा ताप, नाडी आणि श्वास मोजून लिहायचे. वॉर्डातल्या सिस्टरने सकाळी लिहिलेल्या तक्त्याशी बाहेरून आलेले परीक्षक ते ताडून बघत. थोडा फरक चालायचा. जास्त झाला की लाल रेघ.

श्वास कसा मोजायचा ते बाईंनी आमच्याकडून शंभरदा करून घेतलं होतं. आधी मनगट धरून नाडी मोजायची. ती झाली तरी मनगट सोडायचं नाही. हात तसाच रुग्णाच्या छातीवर ठेवायचा, आपण अजून नाडीच बघतोय असं भासवायचं आणि नजर छातीच्या वर-खाली होण्यावर ठेवून अख्खं मिनिट मोजायचं. "श्वास लाजाळू असतो," बाई म्हणायच्या. "आपल्याकडे कोणी बघतंय हे कळलं की चाल बदलतो." मोठ्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस. आणि त्या आणखी एक सांगायच्या: म्हाताऱ्या माणसाला आतून दुखणं जडलं तरी ताप येईलच असं नाही. पुष्कळदा श्वासच आधी वाढतो.

परीक्षेच्या सकाळी वन्सं आणि मी घरून बरोबरच निघालो. वन्संची पाळी पहाटेची असायची, पण त्या आठवड्यात त्यांच्यावर रात्रीची होती. पहाटेचा तक्ता भरून कपडे बदलायला त्या घटकाभर घरी आल्या होत्या. परीक्षेसाठी पुन्हा वॉर्डात थांबायचं होतं. फाटकाशी त्यांनी माझा दंड धरला.

"नऊ नंबरची आजी तुझ्या वाट्याला आहे. मांडीचं हाड मोडलंय, बारा दिवस झाले, पडून आहे. ताप नाही. नाडी शहाण्णव, श्वास वीस. पाठ कर."

"अहो वन्सं, ही लबाडी झाली."

"लबाडी कसली? तू मोजशील तर तेच येणार. घाबरून चुकू नयेस म्हणून सांगतेय. तक्ता माझ्या हातचा आहे. तेच लिही आणि बाहेर ये. त्या हौदात परत गेलीस तर घरातलं तेल संपवशील."

मी पाठ केलं. वाटेत ओठ हलवत राहिले. ताप नाही, शहाण्णव, वीस.

नऊ नंबरच्या आजी उशीला टेकून पडल्या होत्या. बारीक, केस विरळ, डोळे मात्र चलाख. मी थर्मामीटर लावलं. पारा चढला नव्हता, ताप नव्हता. मनगट धरलं, बाईंनी दिलेल्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर ठेवली. नाडी शंभर. शहाण्णवच्या जवळच. मला हायसं वाटलं. मग त्यांचा हात छातीवर ठेवला आणि मोजायला लागले.

काटा अर्ध्यावर आला तेव्हा माझी मोजणी अठरावर होती.

वाटलं, चुकलं. गठ्ठे मोजायची सवय, एकाला दोन धरलं असेल. मिनिट पुरं केलं: छत्तीस. पुन्हा मोजलं. पस्तीस. आजी माझ्याकडे बघत होत्या.

"पोरी," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "तुझे हात..." पुन्हा थांबल्या. "असे गं का?"

एवढंसं वाक्य, आणि त्याला दोन थांबे. मी त्यांच्या गळ्याकडे पाहिलं. हासळीच्या हाडामागची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. नाकपुड्या फुलत होत्या.

"सोड्याने, आजी," मी म्हटलं. "धुणं धुऊन."

"तेल... लाव."

तिसऱ्यांदा मोजलं. छत्तीस.

कागद पुढे होता. ताप नाही, असं लिहिलं. नाडीपुढे शंभर लिहिलं. श्वासाच्या चौकटीत पेन टेकवलं आणि हात थांबला. वीस लिहिलं की संपलं. उद्यापासून वॉर्ड, कोरडे कपडे, धड हात. वन्सं पलीकडच्या टेबलाशी उभ्या होत्या, माझ्याकडे बघत होत्या. वीस सिस्टरांचं, छत्तीस धुलाईवालीचं. कोणाचं खरं धरतील? आणि वन्संच्या तक्त्याला खोटं पाडायचं म्हणजे ज्या हाताने मला 'क' शिकवला तोच हात चारचौघांत पिरगाळायचा.

पण आजींची खळी आत-बाहेर होतच होती. मी छत्तीस लिहिलं. तीन आणि सहा, चांगले मोठे, पोट सुटलेले.

परीक्षक उंच गृहस्थ होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी माझा कागद तक्त्याशेजारी धरला.

"श्वास छत्तीस? तक्त्यात वीस आहेत. सोळाचा फरक! श्वास घेणं आणि सोडणं वेगवेगळं तर मोजलं नाहीत ना?"

"नाही साहेब. तीनदा मोजले."

"हे बघा, वय बघून एक संधी देतो. परत मोजा आणि नीट लिहा."

"परत मोजले तरी तेच येतील, साहेब. तुम्हीच एकदा मोजून बघा ना. हात धरा, अन् असा छातीवर..."

"बाई, मी परीक्षा घ्यायला आलोय, द्यायला नाही." त्यांनी लाल पेनाने रेघ मारली.

आमच्या शिकवणाऱ्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना परीक्षेत बोलायची मुभा नव्हती, पण त्यांची नजर आजींच्या गळ्यावर खिळली होती. माझ्या कानशिलांत हौदाची वाफ भरल्यासारखं झालं. मी खुर्ची सरकवून उठले.

तेवढ्यात टेबलाकडून आवाज आला.

"साहेब, ते वीस मोजलेले नाहीत."

वन्सं पुढे आल्या. टोपी सरळ, पाठ ताठ, आवाज नेहमीचाच. "तो तक्ता माझा आहे. श्वास मी मोजला नव्हता. कालही नाही, परवाही नाही. आदल्या ओळीतला आकडा खाली ओढलाय. तिचं बरोबर असेल."

बाई लगेच खाटेजवळ गेल्या, मनगट धरलं, मिनिटभर घड्याळ बघितलं. मग वळून म्हणाल्या, "डॉक्टरांना बोलवा. आत्ता."

डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, उजवीकडे खाली बराच वेळ ऐकलं. पडून पडून उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया धरला होता. आजींना उठवून बसतं केलं, नाकाला ऑक्सिजन लावला, सुया सुरू झाल्या. तीन आठवड्यांनी त्या घरी गेल्या. जाईपर्यंत चहा गार असतो म्हणून तक्रार करत होत्या. आम्ही कोण, काय घडलं, त्यांना पत्ता नव्हता.

परीक्षकांनी माझा कागद पुन्हा समोर ओढला. लाल रेघ खोडता येत नाही, असा नियम होता म्हणे. त्यांनी रेघेशेजारी 'बरोबर' लिहिलं, सही केली आणि चष्मा वर सरकवून म्हणाले, "मोजायला कुठे शिकलात?"

"चादरी मोजून, साहेब."

मी पास झाले. त्याच दुपारी वन्संना मोठ्या सिस्टरांनी खोलीत बोलावलं. अर्ध्या तासाने बाहेर आल्या तेव्हा चेहरा दगडासारखा. वॉर्डातून तूर्त काढलं होतं, पुढचं पुढे ठरायचं होतं.

घरी चालत निघालो. मी मागे, त्या पुढे. अर्ध्या रस्त्यात मी म्हटलं, "वन्सं, चुकलं माझं. वीस लिहायला हवं होतं."

त्या गर्रकन वळल्या. "असं लिहिलं असतंस ना, तर आजच्या आज माहेरी पाठवली असती तुला. म्हातारी मेली असती, वेडे." मग आवाज खाली आला. "नाडी हाताला कळते गं. पंचवीस वर्षांची सवय आहे, दोन-चार इकडेतिकडे. पारा शिकाऊ मुलींकडून वाचून घेते. पण श्वासाला काटा बघावा लागतो." छातीवर टाचलेलं घड्याळ त्यांनी उचलून डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. "नाही दिसत. वर्ष होत आलं. सगळं धुकट. सांगितलं असतं तर वॉर्डातून काढलं असतं. नाही सांगितलं, तरी काढलंच."

वन्संच्या डोळ्यांत पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही नाही. पण त्यांनी फुटपाथच्या कडेला पाय ठेवताना माझा हात धरला आणि सोडला नाही.

"वहिनी, डोळ्याचं शिकवलंय ना तुला? त्यात धुकं कुठे धरतं?"

"बाहुलीच्या मागे," मी म्हटलं. "तिथे एक भिंग असतं, मसुरीच्या दाण्यासारखं दोन्हीकडे फुगलेलं. त्यात शिरा नसतात, रक्त नसतं, म्हणून ते काचेसारखं स्वच्छ असतं. वय झालं की ते गढूळ होतं. त्यालाच मोतीबिंदू म्हणतात. पण वन्सं, ते काढता येतं."

"काढल्यावर दिसतं?"

"जाड चष्मा लागतो. दिसतं."

"आणि त्या भिंगाच्या मागे काय?"

"घट्ट रसासारखं पाणी. त्याच्या मागे पडदा. त्यावर चित्र उमटतं, वन्सं, पण उलटं. पाय वर, डोकं खाली."

"मग सरळ कोण करतं?"

"मेंदू."

"बरं," त्या म्हणाल्या आणि रस्ता ओलांडायला पुढचं पाऊल टाकलं. "आता मेंदूचं सांग. सावकाश सांग, घाई नाही मला."